आडवी रांग

नमस्कार श्रोतेहो.

चहाचे मळे आपल्या कोकणात नाहीत. मुन्नारला जाऊन आलेल्यांनी पाहिले असतील. डोंगरभर कातरलेली झुडपं, मधे मातीचा ठिपका दिसत नाही. पण लागवडीची पहिली दोन-तीन वर्षं झुडपं लहान, जमीन उघडी, आणि माती वाहते ती तेव्हाच. आपल्या काजूच्या भरडावर, म्हणजे उताराच्या माळजमिनीवरही तेच. पाऊस 3000 मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. जमीन उघडी पडली की माती गेलीच.

आमच्या काकांनी एका मे महिन्यात घरामागची भरड जेसीबीने खरवडून घेतली. ताशी भाडं, म्हणून घाईघाईत. काजूची कलमं लावली ती वरून खाली, उभ्या रांगांत. मृगाचा दुसराच पाऊस. पहाटे उठून बघतो तर विहिरीचं पाणी लाल, पाटाच्या तोंडाशी चिखल, आणि सात-आठ कलमं मुळांसकट उघडी.

पण आमचं खळं स्वच्छ! खळ्याच्या वरच्या अंगाला आजीने गवती चहाचे ठोंब लावले होते, एकाला एक चिकटून, उताराला आडवे. त्यांच्या मागे वीतभर लाल माती साचली होती आणि पानांतून नुसतं पाणी झिरपत होतं. आजी काकांना म्हणाली, "झिला, तुझी माती माझ्या चायन धरल्यान. घमेला आण नि घेवन जा."

(हा चहा उकळताना आलं ठेचूनच घालावं. किसलेल्या आल्याला मी आलं म्हणत नाही.)

पुढच्या जूनमध्ये काकांनी गवंड्याकडून पाण्याची नळी आणली. दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत आलं की तिथे खुंटी. खुंट्यांच्या रेषेवर चर, चराच्या खालच्या बांधावर आजीचेच ठोंब. आडवी रांग. पुन्हा सांगतो, उभी नाही, आडवी. पानं हवी तर कापा, ठोंब उपटू नका. वाळा मिळाला तर फारच बरं, त्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात.

काकांचे काजू आता धरू लागलेत. बांधावर गवती चहा माजलाय, गुरंही सहसा तोंड लावत नाहीत. काकासुद्धा नाही. त्यांना दुधाचाच चहा लागतो.