अ‍ॅक्रिलिक तापवलं की आधी कोण सुटतं? लांब साखळी की आखूड?

नमस्कार मंडळी. हे दोन तुकडे बघा. दोन्ही अ‍ॅक्रिलिकचेच, म्हणजे पीएमएमए. हा दुकानाच्या पाटीतला, कास्ट शीटचा, म्हणजे साच्यात ओतून केलेला. हा गाडीच्या टेललाइटचा, मोल्डिंगचा, म्हणजे वितळवून मशीनने साच्यात दाबलेला. मोनोमर, म्हणजे ज्या छोट्या रेणूंची साखळी बनते तो कण, एकच: एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट). फरक साखळीच्या लांबीचा. मोल्डिंगच्या मालाचा रेणुभार साधारण 1 लाख, म्हणजे एका साखळीत हजारेक मोनोमर. कास्ट शीटचा सहज 10 लाखांच्या घरात.

दोन्ही सावकाश तापवले, तर आधी कोण सुटेल? आखूडवाला. लांब साखळीचे बंध जास्त पक्के म्हणून? छे! बंध दोन्हीकडे सारखेच.

सगळी भानगड टोकांची आहे. पीएमएमए बनताना दोन वाढत्या साखळ्या भेटून थांबतात, तेव्हा बऱ्याचदा एकीच्या टोकाला दुहेरी बंध राहून जातो. ते टोक कच्चं. 250-270 अंश सेल्सिअसच्या आसपास तिथून साखळी शिवणीसारखी उसवायला लागते, एकेक मोनोमर सुटत जातो. साखळी मधूनच तुटायला मात्र 300 च्या बरंच वर जावं लागतं. आता हिशेब करा: एक ग्रॅम मालात साखळ्या दहापट आखूड, तर टोकंही दहापट!

याचा एक छान पुरावा आहे. आखूड साखळी उसवायला लागली की पूर्ण संपते, त्यामुळे उरलेल्या मालाचा रेणुभार जवळपास तोच राहतो. लांब साखळीची उसवण मध्येच थांबते, अर्धवट तुकडे उरतात आणि सरासरी रेणुभार घसरतो.

पण हा नियम सगळीकडे लावू नका. पॉलिथिलीन कुठेही, मधूनच तुटतं. तिथे टोकं मोजून फारसं काही हाती लागत नाही. उलट गिअर वगैरेंसाठी वापरतात ते पॉलिअ‍ॅसिटल टोकाकडूनच सुटतं, म्हणून कारखान्यात त्याची टोकं रासायनिक टोपी घालून बंद करतात.

मग मोल्डिंगलाही लांब साखळीच का नाही वापरत? वितळल्यावर ती इतकी घट्ट असते, की मशीनमधून ढकलायला तापमान वाढवावं लागतं. त्यात स्क्रूच्या रेट्याने साखळ्याच तुटतात. कमावलेलं तिथेच गेलं.

आणि भंगाराच्या भट्टीत, 400 अंशांच्या वर, लांब-आखूड हा भेदच उरत नाही. सगळं मधूनही तुटतं आणि उसवतं. वाफ थंड केली की 90 टक्क्यांहून जास्त एमएमए परत मिळू शकतो. घरी करून बघू नका हं, ती वाफ भडकन पेटते.