पत्रकाराचं पान कोण लिहितं?

(दृश्य: सीएसएमटीबाहेरची संध्याकाळची गर्दी, महापालिका मार्गावरून आझाद मैदानाकडे चाललेली माणसं)

मुंबईत भाड्याने घर घ्यायला गेलात की हल्ली सोसायटीचे सेक्रेटरी ॲग्रीमेंटच्या आधी तुमचं नाव गुगल करतात. नोकरी देणारे करतात, सोयरीक जमवणारे करतात, समोरच्या पार्टीचा वकील तर करतोच करतो. आणि ते नाव एखाद्या पत्रकाराचं असेल, त्याचं विकिपीडियावर पान असेल, तर बरेचदा तेच पहिल्यांदा वर येतं, बाजूच्या चौकटीत फोटोखाली त्यातलीच दोन वाक्यं दिसतात, लोक तेवढंच वाचतात आणि मत बनवून मोकळे होतात.

ते पान लिहिलेलं असतं कोणीतरी, फुकट, आपल्या वेळात. कोणालाही लिहिता येतं, म्हणून तर एवढा मोठा ज्ञानकोश उभा राहिला, मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे तो असाच. पण पत्रकार म्हटलं की त्याच्यावर खार खाऊन बसलेले लोक असतातच, ज्या बिल्डरची बातमी केली तो, ज्या नेत्याची क्लिप दाखवली त्याचे कार्यकर्ते, आणि दुसरीकडे चाहतेही असतात, ज्यांना आपल्या माणसाबद्दल एक वाकडा शब्द चालत नाही. दोघांच्याही हातात एडिटचं बटन आहे.

(दृश्य: जुने फोटो, अमेरिका)

जॉन सिगेनथेलर हे अमेरिकेतले मोठे संपादक. १९६१ मध्ये वर्णभेदाविरुद्ध बसप्रवास करणाऱ्या तरुणांवर अलाबामात हल्ला झाला तेव्हा तिथे सरकारी प्रतिनिधी म्हणून गेलेल्या या माणसाला जमावाने बेशुद्ध पडेपर्यंत मारलं होतं. तर मे २००५ मध्ये कोणीतरी निनावीपणे त्यांच्या पानावर लिहून टाकलं की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी आणि त्यांचे भाऊ रॉबर्ट यांच्या खुनात यांचा हात असल्याचा संशय होता. ज्या रॉबर्ट केनेडींसोबत त्यांनी काम केलं त्यांच्याच खुनात! चार महिन्यांहून जास्त काळ ते तसंच राहिलं.  शेवटी वयाच्या ७८व्या वर्षी सिगेनथेलर यांनीच पेपरात लेख लिहिला तेव्हा जगाला कळलं, लिहिणाऱ्याने नंतर सांगितलं की सहकाऱ्याची गंमत करायची होती. यानंतर इंग्रजी विकिपीडियावर लॉगिन न करता नवीन पान बनवणं बंद झालं, हयात व्यक्तींच्या पानांसाठी वेगळे कडक नियम आले. आज तिथे हयात माणसाबद्दल आक्षेपार्ह काही बिनसंदर्भाचं दिसलं तर चर्चेची वाट बघायची नाही, आधी काढायचं.

दरवेळी गंमतच असते असंही नाही. २०१४ मध्ये ब्राझीलमध्ये उघड झालं की मिरियम लेइताऊ आणि कार्लोस सार्देनबर्ग या दोन पत्रकारांच्या पानांवर आदल्या वर्षी टीका घुसवली होती, आणि ती राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या नेटवर्कवरून. पानाच्या इतिहासात आयपी ॲड्रेस राहिला म्हणून सापडलं. हा इतिहास टॅब प्रत्येक पानाला असतो, कोणी कधी काय बदललं सगळं दिसतं, एकदा उघडून बघाच.

(दृश्य: दादरमधलं एक जुनं ग्रंथालय, लॅपटॉप, बाजूला वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली)

आता आपल्याकडे या. हे पान मुंबईतल्या एका ज्येष्ठ महिला रिपोर्टरचं, नाव आम्ही ब्लर केलंय. पूर्ण पान अकरा ओळींचं. त्यातल्या दोन ओळीत तीस वर्षांची पत्रकारिता आटोपली आणि उरलेल्या नऊ ओळी एका ट्विटवरून झालेल्या राड्यावर. यातली कुठलीच ओळ खोटी नाहीये, प्रत्येकीला लिंक आहे, आणि तरी हे पान अन्यायाचं आहे. कारण उघड आहे, ट्विटवरून झालेल्या बातम्या नेटवर चिकार मिळतात आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर देशोधडीला लागलेल्या घरांवर त्यांनी केलेली मालिका, ९३ च्या स्फोटांनंतरचं रिपोर्टिंग, यातलं काहीच ऑनलाइन नाही, ते या फायलींमध्ये पडलंय. जे सर्चमध्ये येतं तेवढंच माणसाचं आयुष्य ठरतं. मला वाटतं पक्षपाताचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, द्वेष त्यानंतर.

म्हणून विकिपीडियावर फुकट लिहिणारा हा कार्यकर्ता इथे येऊन बसलाय. फायलीचं पान जपून उलटतो, कडा तुटतायत, बोटं काळी होतात. तारीख, पान नंबर, मथळा वहीत उतरवतो. ट्विटचा वाद त्याने उडवला नाही, दोन वाक्यांवर आणला, त्यात बाईंचं स्वतःचं म्हणणंही घातलं, जे आधी कुठेच नव्हतं. पुढे एक ओळ होती, ‘त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला’, फुलस्टॉप. पुढे काय झालं? शोधल्यावर सातव्या पानावर तळाला छोटी बातमी सापडली, कोर्टाने त्यांना दोषमुक्त केलं होतं. गुन्हा दाखल झाला की ब्रेकिंग न्यूज, सुटल्यावर सिंगल कॉलम, आपल्याकडे हे वर्षानुवर्ष चालत आलंय. एफआयआरची कॉपी हातात असली तरी तिच्यावरून हयात माणसाबद्दल आरोप लिहायचा नसतो, विश्वासार्ह ठिकाणी छापून आलेलं लागतं, युट्यूब चॅनलवर कोणीतरी ओरडून सांगितलेलं चालत नाही.

आणि हे दोन्ही बाजूंनी लागू. ‘निर्भीड’, ‘तडफदार’, ‘लोकप्रिय’ ही विशेषणं त्याने काढली. त्यांच्या पेपरला एकदा त्यांच्याच बातमीबद्दल माफी छापावी लागली होती, ते मात्र ठेवलं, एका वाक्यात, तारखेसकट. चाहते चिडले, दोनदा रिव्हर्ट मारलं, म्हणजे त्याचा बदल उलटवला, मग चर्चा पानावर, म्हणजे प्रत्येक पानामागे मजकुरावर बोलायला असतं त्या पानावर, भांडण झालं आणि वाक्य टिकलं. टिकायलाच हवं होतं. राहत्या घराचा पत्ता कोणीतरी टाकला होता तो मात्र विचार न करता उडवायचा, धमक्या येणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा जिवाशी खेळ आहे.

(दृश्य: फोर्टमधलं हायकोर्ट, बाहेरून)

कोर्टाचा रस्ता आहेच. एएनआय वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये विकिपीडियावरच्या स्वतःबद्दलच्या पानातल्या मजकुरावरून दिल्ली हायकोर्टात दोन कोटींचा दावा लावला, त्या खटल्यावरचं वेगळं पान खाली उतरवायचा आदेशही झाला आणि तो आदेश ९ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केला. पण महिन्याच्या पगारावर किंवा बातमीमागे मिळणाऱ्या मानधनावर जगणारा रिपोर्टर असले खटले कुठून लढणार? त्याच्यासाठी चर्चा पानच आहे. स्वतःचं पान स्वतः एडिट करू नका, चर्चा पानावर लिहा, चूक कुठे आहे ते दाखवा, छापील पुरावा द्या.

आणि ज्यांच्या घरात माळ्यावर जुनी कात्रणं आहेत, वडिलांची, मावशीची, शेजारच्या काकांची, त्यांनी ती रद्दीत घालू नका. फोटो काढून ठेवा, पण त्यावर पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख आणि पान नंबर लिहा. तेवढं नसेल तर संदर्भ देता येत नाही. या बाईंच्या गिरणी मालिकेचे तीन भाग सापडलेत, चौथा अजून मिळालेला नाही.