काउंटरपलीकडचे पाय

(एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान, थोडे संपादित करून)

अध्यक्ष महोदय, माझे शिक्षक आणि मित्रमैत्रिणींनो,

पत्रिकेत माझा विषय 'फार्मासिस्टला औषध लिहायला शिकवताना : ब्रिटनमधला अनुभव' असा छापलाय. बोलायला चाळीस मिनिटं आहेत. अभ्यासक्रम कसा असतो, कायदा काय म्हणतो आणि त्यातलं आपल्याकडे काय आणता येईल, हे सगळं मी सांगणार आहे. पण आधी मला तुम्हाला एका माणसाचे पाय दाखवायचेत. त्या पायांशिवाय बाकीचं बोलणं कोरडं होईल.

त्याआधी एक विचारते. या आठवड्यात दुकानात कुणी 'डोकं दुखतंय, काहीतरी द्या' म्हटल्यावर ज्यांनी गोळी दिली, त्यांनी हात वर करा. एकही नाही? सर पुढच्याच रांगेत बसलेत, त्यामुळे हात जड झाले असतील. माझे वडील चाळीस वर्षं मेडिकल चालवत होते. त्यांनी हे केलं, आपणही करतो, आणि गावातली माणसं आपल्याला 'डॉक्टर' म्हणतात तेव्हा आपण त्यांना थांबवत नाही. म्हणजे ठरवायचं काम आपण करतोच. फक्त ते उभ्या उभ्या करतो, अर्ध्या मिनिटात, नाडीला हात न लावता आणि कुठेही नोंद न ठेवता. हे माझ्या मनाला फार लागतं. चोरून केलेल्या कामाचं शिक्षण होऊ शकत नाही.

आता पाय.

मी इथून बी.फार्म. झाले. मग ब्रिटनला जाऊन परदेशी फार्मासिस्टसाठीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला, त्यानंतर वर्षभर देखरेखीखाली काम केलं, परीक्षा दिली आणि नोंदणी मिळाली. मिडलँड्समधल्या एका शहरात वस्तीतल्या फार्मसीत लागले. तिथे सत्तरीतले एक निवृत्त बस ड्रायव्हर दर महिन्याला यायचे. त्यांची पिशवी मी सहा वर्षं भरली. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, नंतर कधीतरी लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड. फ्युरोसेमाइड आलं तेव्हा मी डोस तपासला, बाकीच्या औषधांशी जमतंय का तेही पाहिलं. चूक नव्हती. 'सकाळी घ्या, नाहीतर रात्री लघवीला उठावं लागेल,' असं सांगून पिशवी दिली. आपल्या कॉलेजात शिकवलेलं सगळं मी नीट केलं होतं.

२०१८ मध्ये मी इंडिपेंडंट प्रिस्क्रायबरच्या, म्हणजे रुग्ण तपासून स्वतः औषध लिहिणाऱ्याच्या, अभ्यासक्रमाला नाव घातलं. तेव्हा नियम असा होता की विद्यापीठात किमान २६ दिवसांचं शिक्षण घ्यायचं आणि किमान ९० तास प्रत्यक्ष रुग्णांसमोर, एका डॉक्टरच्या देखरेखीखाली काढायचे. हा डॉक्टर विद्यापीठ देत नाही. तो आपण शोधायचा.

या शोधाबद्दल मला थोडं बोलायचंय. तो सल मनात अजून आहे आणि आज तिकडे शिकणाऱ्या मुलामुलींनाही तोच त्रास होतोय. मी नऊ दवाखान्यांत विचारलं. चार ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. एका ठिकाणी व्यवस्थापकांनी खुर्चीवर बसवून सरळ विचारलं, 'यात आम्हाला काय मिळणार?' प्रश्न खोटा नव्हता. ९० तास म्हणजे डॉक्टरचे बारा दिवस, आणि त्यांच्या बाहेरच्या खोलीत माणसं वाट बघत बसलेली. पण मी तिथून बाहेर पडले ती बसस्टॉपपर्यंत रडत गेले. कायद्याने दार उघडून दिलं होतं, पण बोट धरून आत नेणारं कुणी नव्हतं. सात महिने गेले. शेवटी आमच्याच फार्मसीच्या मागच्या गल्लीतल्या एक डॉक्टरबाई हो म्हणाल्या. त्यांची अट एकच होती. 'माझ्या खोलीत पहिले दोन दिवस तू औषधाचं नाव काढायचं नाहीस. फक्त बघायचं.'

मला ते अपमानासारखं वाटलं. औषधांबद्दल त्या खोलीत सगळ्यात जास्त मलाच माहीत होतं. ते खरंही होतं, डॉक्टरबाई स्वतः मला मात्रा विचारायच्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि आमचे बस ड्रायव्हर आत आले. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना कमरेखाली पाहिलं.

त्यांच्या पायात सपाता होत्या, घरात घालायच्या, आणि त्यांची वरची बाजू कात्रीने मध्यावर कापलेली होती. पाय आत बसावा म्हणून. मोजे उतरवले तर मोज्याच्या रबराचा वळ घोट्याच्या वर खोल रुतलेला, आणि त्याखाली पाव फुगल्यासारखी ताणलेली, चकचकीत कातडी. दोन्ही पायांना सारखीच. हा माणूस सहा वर्षं माझ्याकडे या पायांनी चालत येत होता आणि आमच्यामध्ये छातीइतकं उंच काउंटर होतं.

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. तुमच्याही आलं असेल, बघा चेहरे. ॲम्लोडिपिन १० मिलिग्रॅम! ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात. ती सूज अंगात पाणी साठल्याची नसते, बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्याची असते. म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी हटत नाही. एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध दिलं गेलं होतं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि बोलायची परवानगी दिली. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, 'आणि त्यांचं हृदय कमजोर झालेलं नाही, हे कशावरून?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

'मूत्रपिंडातून प्रथिन जात नाही, हे? यकृत?' मग त्यांनी मला गुडघ्यावर बसवलं आणि माझा अंगठा बस ड्रायव्हरांच्या नडगीच्या हाडावर ठेवला. 'दाब. अजून. मनात पाच मोज.' अंगठा उचलला तर तिथे खळगा तसाच राहिलेला. तो खळगा मला आजही दिसतो. सहा वर्षांच्या नोकरीत आणि चार वर्षांच्या पदवीत मी 'पिटिंग एडिमा', म्हणजे दाबल्यावर खळगा राहणारी सूज, हे शब्द कितीदा लिहिले असतील, पण माणसाच्या पायाला माझा हात त्या दिवशी पहिल्यांदा लागला. मग मानेची शीर बघायला शिकले, पाठीला स्टेथोस्कोप लावून फुप्फुसाच्या तळाशी करकर येते का ते ऐकायला शिकले. 'रात्री किती उशा घेता?' हा प्रश्न आडवं पडल्यावर दम लागतो का ते कळायला विचारतात, हे कळलं. लघवी तपासली, रक्त पाठवलं, त्यात हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी होती. सगळं ठीक आलं. मगच ॲम्लोडिपिन ५ वर आणलं, रक्तदाबाचंच दुसरं औषध रामिप्रिल कमी मात्रेने सुरू केलं, दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम तपासायचं ठरलं, आणि फ्युरोसेमाइड बंद.

माझं उत्तर बरोबर होतं, हे खरं. पण ते बरोबर आहे हे मला *माहीत* नव्हतं. औषध ओळखणं आणि औषध लिहिणं यांत एवढंच अंतर आहे, आणि ते ९० तास त्या अंतरासाठी असतात. आपल्याला औषधाकडून माणसाकडे यायची सवय असते. पेटीवरचं नाव वाचलं की दुष्परिणामांची यादी डोक्यात उलगडते. तिथे उलट चालायला शिकवतात. आधी माणूस, मग जे जे असू शकेल ते सगळं, मग त्यातलं एकेक खोडणं, आणि गोळी सगळ्यात शेवटी, लागलीच तर.

दोन महिन्यांनी बस ड्रायव्हर बूट घालून आले. लेस सैल होत्या, सूज थोडी उरली होती. त्यांनी काउंटरला वळसा घालून बाजूला येऊन मला पाय दाखवले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. माफ करा, मूळ विषय आता भरभर घ्यावा लागेल.

इतिहास थोडक्यात. ब्रिटनमध्ये फार्मासिस्टला २००३ मध्ये पुरवणी स्वरूपाचा अधिकार मिळाला. म्हणजे डॉक्टरने निदान करायचं, रुग्णाच्या संमतीने एक लेखी योजना ठरवायची आणि त्या चौकटीत फार्मासिस्टने औषध लिहायचं. २००६ मध्ये स्वतंत्र अधिकार आला, म्हणजे तपासणी, निर्णय आणि जबाबदारी तिन्ही त्याचीच. नियंत्रित औषधं, म्हणजे मॉर्फिनसारखी, २०१२ मध्ये त्यात आली. एक गैरसमज इथेच दूर करते. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून 'फार्मसी फर्स्ट' सुरू झालं. घसा, सायनस, कानदुखी, नागीण, कीटकदंश, इम्पेटिगो (त्वचेचा एक संसर्ग) आणि स्त्रियांचा साधा मूत्रमार्ग संसर्ग, अशा सात तक्रारींवर फार्मसीतच औषध मिळतं. इथल्या बऱ्याच जणांना वाटतं की हेच ते 'प्रिस्क्रायबिंग'. तसं नाही. ते आधीच ठरवून दिलेल्या लेखी सूचनांनुसार चालतं. स्वतंत्र प्रिस्क्रायबरला अशी तयार चौकट नसते. त्याला त्याच्या ज्ञानाची हद्द स्वतः ओळखावी लागते आणि ती ओलांडली तर जाब त्यालाच द्यावा लागतो.

मोठा बदल असा. फार्मासिस्टांची नोंदणी करणाऱ्या तिथल्या जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलने २०२१ मध्ये शिक्षणाची नवी मानकं आणली. चार वर्षांचं एम.फार्म. आणि पाचवं प्रशिक्षणाचं वर्ष यांतच आता हे शिक्षण विणलं आहे. २०२६ पासून या मार्गाने नोंदणी होणारे नवे फार्मासिस्ट पहिल्या दिवसापासून प्रिस्क्रायबर असतील. आधी दोन वर्षांचा अनुभव लागायचा, ती अट २०२२ मध्येच गेली. मार्गदर्शकही आता डॉक्टरच हवा असं नाही, अनुभवी प्रिस्क्रायबर नर्स किंवा फार्मासिस्ट चालतो. हे उत्तम झालं. पण माझी काळजी तीच आहे. एवढ्या मुलांना शेजारी बसवून घेणारे लोक कुठून आणणार? पायावर अंगठा ठेवून 'अजून दाब' म्हणणारं कुणी नसेल, तर ९० तास वहीत भरतील आणि हात कोरडे राहतील. मार्गदर्शकाच्या वेळेचे पैसे आणि त्याच्या कामातून मोकळीक, हे आधी ठरवलं पाहिजे. परीक्षा नंतर.

दुसरी गोष्ट, जिने लिहायचं तिनेच शक्यतो विकायचं नाही. तिकडे हे दोन हात वेगळे ठेवायचा आग्रह असतो. आपल्याकडे दुकानाचा मालक, विक्रेता आणि सल्लागार एकच असतो, तेव्हा हा मुद्दा आपल्याला दुप्पट लागू आहे. माझ्या वडिलांना हे आवडलं नसतं, तरी मी सांगणार.

पाच मिनिटं? बरं.

आपल्याकडे काय करायचं. आपला १९४८चा फार्मसी कायदा, त्यातलं कलम ४२, आपल्याला डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध देण्याचं काम सोपवतो, लिहिण्याचं नाही. मी उद्याच लिहिण्याचा अधिकार मागा असं म्हणणार नाही. ज्या राज्यात सर्टिफिकेट भाड्याने देऊन फार्मासिस्ट घरी बसतो आणि काउंटरवर बारावी नापास मुलगा उभा असतो, त्या राज्यात आपण आधी काउंटरवर हजर व्हायला हवं. हे कडवट वाटेल, पण या खोलीत मी नाही बोलले तर कुठे बोलू?

पण शिक्षण आजपासून बदलता येईल. डी.फार्म.ला, म्हणजे पदविकेला, ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण नियमातच आहे. त्यातले किती तास विद्यार्थी माणसासमोर बसतो? माझे प्रशिक्षणाचे तास स्ट्रिपा लावण्यात आणि बिलं फाडण्यात गेले होते, तुमचेही गेले असतील. त्यातले फक्त ९० तास बाजूला काढा. गावातल्या एका डॉक्टरच्या शेजारी, प्राथमिक आरोग्य केंद्रात, रक्तदाब आणि मधुमेहाच्या रांगेत. औषधाचं नाव न काढता. फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम २००८ पासून आहे, त्या विद्यार्थ्यांचं सहावं वर्ष इंटर्नशिपचंच असतं. त्या मुलामुलींना मार्गदर्शक म्हणून धरा. कायदा बदलायला वेळ लागेल, त्याला इलाज नाही. पण २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी समुपदेशन आपल्या कामात आणलंय. पाय बघायला कुणाची परवानगी लागत नाही. रुग्णाला खुर्ची द्यायलाही लागत नाही.

अध्यक्ष उभे राहिले आहेत, तेव्हा प्रश्न इथे घेता येणार नाहीत. पण बाहेर व्हरांड्यात चहाच्या टेबलाशेजारी मी एक पाऱ्याचं रक्तदाब यंत्र, दोन स्टेथोस्कोप आणि एक खुर्ची मांडून ठेवली आहे. दंडावर पट्टा कसा बांधायचा आणि पहिला ठोका कुठे ऐकायचा हे ज्यांना स्वतःच्या हाताने करून बघायचंय, त्यांनी या. दीड वाजेपर्यंत मी तिथेच आहे. सर, पहिला दंड तुमचा चालेल का?