साठ मीटरच्या खाली

मित्रहो, लातूरकरांना २०१६ चा उन्हाळा मी आठवून द्यायची गरज नाही. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या दिवसांत माणसं रात्रंदिवस राबली, हे मी मनापासून मान्य करतो. माझा राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. ती रेल्वे आली तेव्हा भूजल वाचवणारा कायदा राज्यात लागू होता.

विधिमंडळाने तो २००९ साली केला. अमलात यायला २०१४ उजाडलं. नियमांचा मसुदा लोकांपुढे आला २०१८ मध्ये. रेल्वे येऊन गेल्यावर! शेती किंवा उद्योगासाठी ६० मीटरच्या खाली, म्हणजे साधारण दोनशे फुटांखाली, बोअर घ्यायला हा कायदा मनाई करतो. बोअरच्या गाड्यांची नोंदणीही सक्तीची करतो. आता तुमच्या शिवारातला शेवटचा बोअर किती फुटांवर गेला ते आठवा. सहाशे? आठशे?

ही मर्यादा कुणी मनाने काढलेली नाही. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्याच्या अंगात पाणी मुरत नाही. ते राहतं वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. पावसाने दरवर्षी भरतो तो हा वरचा थर. खोल भेगेत पाणी लागलंच तर ते वर्षानुवर्षं झिरपून साठलेलं असतं. दोन इंची पाणी लागलं म्हणून आपण नारळ फोडतो आणि दोन उन्हाळ्यांत ते उपसून बसतो. मग शेजारची विहीर आटते. गावाचा आडही.

शेतकऱ्याला यात आरोपी करू नका. डोळ्यांदेखत मोसंबीची बाग वाळत असताना तो कर्ज काढून बोअर घेणारच. पण गावात रात्री बोअरची गाडी घरघरते, फुफाटा उडतो, सगळ्या गावाला ऐकू जातं, आणि सरकारला तेवढं ऐकू येत नाही? ऊस किती लावायचा, कारखाने कुठे काढायचे, यावर बैठका होतात. त्याच उसाखाली भूजल किती उरलं, हा प्रश्न प्रचारसभेत कुणी घेत नाही. मराठवाड्याने राज्याला चार मुख्यमंत्री दिले. सत्ता आपल्यापासून लांब होती, ही सबब आपल्याला चालणार नाही.

टँकर मंजूर केला की फोटो निघतो. बोअर थांबवला की मत जातं. सगळ्याच पक्षांना हा हिशेब पाठ आहे.

तेव्हा तो हिशेब आपणच बदलायला लावू. आपल्या तालुक्यात बोअरच्या किती गाड्यांची नोंद आहे आणि ६० मीटरच्या खाली गेल्याबद्दल आजवर किती जणांवर कारवाई झाली, एवढे दोनच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारायचे आहेत. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. अर्जाचे नमुने दाराजवळच्या टेबलावर ठेवलेत. प्रत्येक गावातून निदान एक अर्ज जाऊ द्या, आणि आलेलं उत्तर ग्रामसभेत मोठ्याने वाचा.