लेण्यात शिरल्या शिरल्या टॉर्च लावू नका! | भद्रावती आणि मार्कंडा एका दिवसात

नमस्कार, जय भीम, राम राम मंडळी. कशे आहात सगळे?

मागच्या महिन्यात भद्रावतीजवळच्या विजासनच्या बौद्ध लेण्यांचा छोटासा व्हिडिओ टाकला होता. त्याच्याखाली कितीतरी जणांनी एकच गोष्ट लिहिली, "ताई, आम्ही जाऊन आलो, पण आत काहीच दिसलं नाही." एका दादांनी लिहिलं, "अंधार आणि वटवाघळं, एवढंच पाहून आलो." खरं सांगते, ते वाचून मला रात्रभर चैन पडली नाही. एवढं पेट्रोल जाळून, लेकराबाळांना घेऊन जायचं आणि पाहण्यासारखं जे आहे तेच न पाहता परतायचं! म्हणून आजचा व्हिडिओ.

आधी जाण्याचं पटकन सांगते, ते अगदी सोपं आहे. भद्रावती नागपूर–चंद्रपूर रस्त्यावरच आहे. चंद्रपूरहून अर्धा-पाऊण तास, नागपूरहून अडीच तास धरा. रेल्वेनं आलात तर स्टेशनचं नाव भांदक, तिथे भद्रावती शोधू नका. हिवाळ्यात जा. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना घेऊन उघड्या दगडावर फिरायचं नाही म्हणजे नाही. पाणी घ्या, शिदोरी घ्या, पायात पकड असलेली चप्पल घाला. झालं.

आता मुद्द्यावर येते.

विजासनचं मुख्य लेणं कसं आहे, ते नीट समजून घ्या, कारण सगळी किल्ली त्यातच आहे. डोंगरात सरळ आत गेलेली एक बोगद्यासारखी वाट आहे, जवळपास 71 फूट लांब. तिच्या टोकाला ओट्यासारख्या आसनावर बसलेली बुद्धमूर्ती आहे. या सरळ वाटेला काटकोनात आणखी दोन वाटा फुटतात, त्यांच्या टोकालाही गाभारे आणि गाभाऱ्यात बुद्ध. म्हणजे दारातून येणारा उजेड सरळ वाटेनं थेट मूर्तीपर्यंत पोचतो. मंद असतो, पण पोचतो. ज्यांनी हे लेणं कोरलं त्यांच्याकडे तेलाचा दिवा होता आणि हा दारातला उजेड होता, बस.

आणि आपण काय करतो? दहा जण एकदम आत शिरतो, वाटेच्या मधोमध उभे राहतो, म्हणजे तो दारातला उजेड आपणच अडवतो. मग अंधार झाला म्हणून मोबाईलचा टॉर्च लावतो, आणि तोही सरळ मूर्तीच्या तोंडावर!

मीही तेच केलं होतं. मी सातवीत असताना शाळेची सहल गेली होती. ऐंशी पोरं, दोन मास्तर, आणि सगळ्यांना एकदम आत सोडलं. कोणीतरी मोठी बॅटरी लावली, वटवाघळं उडाली, पोरी किंचाळल्या, आम्ही धावत बाहेर. घरी आईनं विचारलं, काय पाहिलं? मी म्हटलं, वटवाघळं. पुढची पंधरा वर्षं मी तिकडे फिरकले नाही.

मग पाहुण्यांना घेऊन जायची वेळ आली, तेव्हा विजासन गावातले एक बाबा सोबत आले. पांढरा सदरा, हातात काठी. मी दारातच मोबाईलचा उजेड लावला, तसे ते म्हणाले, "बाई, थो उजेड बंद कर. बस अथी घडीभर. डोळ्याले सवय होऊ दे." आम्ही भिंतीला टेकून बसलो. ते काहीच बोलले नाहीत. आधी नुसतं काळं. मग टोकाला काहीतरी फिकट. मग तो फिकटपणा खांद्यासारखा झाला. मग मांडी. चेहरा सगळ्यात शेवटी. कोणी एक शब्द काढला नाही, आणि माझ्या मावससासूबाईंनी आपोआप हात जोडले. पंधरा वर्षांपूर्वी मी ह्याच जागी उभी होते, आणि मला हे दिसलं नव्हतं.

म्हणून सांगते, आत शिरल्या शिरल्या टॉर्च लावू नका.

याच्यामागचं कारण साधं आहे. आपल्या डोळ्यात उजेडात पाहणाऱ्या पेशी वेगळ्या आणि अंधुक उजेडात पाहणाऱ्या वेगळ्या. उन्हातून आत आलो की अंधारातल्या पेशी जाग्या व्हायला वेळ लागतो. पाच-दहा मिनिटांत बराच फरक पडतो, पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. आणि तुम्ही मध्येच एकदा, फक्त एकदा, मोबाईलचा पांढरा उजेड डोळ्यांवर घेतला की सगळं परत पहिल्यापासून. चार जण शांत बसलेत आणि पाचव्यानं व्हॉट्सअॅप उघडलं, तर त्या चौघांचीही दहा मिनिटं गेली. म्हणून मी सहल नेते तेव्हा दारातच सगळ्यांचे मोबाईल पिशवीत ठेवायला लावते. राग येतो लोकांना. येऊ दे.

एका ताईंनी विचारलंय, "मग टॉर्च न्यायचाच नाही का?" न्यायचा हो ताई, नक्की न्यायचा. पायाखाली पाहायला लागतोच, उजेड जमिनीकडे धरून. आणि डोळ्यांना सवय झाल्यावर कोरीव काम बारकाईनं पाहायलाही लागतो. पण तो धरायचा कसा, ते दाखवते.

(पाटा कॅमेऱ्याजवळ)

हा माझ्या आजीचा पाटा. यावर तिनं आयुष्यभर ठेचा वाटला. गावात टाकी लावणारे यायचे, छिन्नी-हातोडीनं पाट्याला बारीक बारीक खाचा पाडून द्यायचे, म्हणजे मसाला नीट वाटला जातो. आता बघा, मी टॉर्च सरळ समोरून धरते. काय दिसतं? सपाट करडा दगड. काहीच नाही त्यावर.

आता तोच टॉर्च खाली आणते, पाट्याच्या कडेला, दगडाला जवळजवळ टेकवून, आडवा. बघा! एकेक खाच उठून आली. ही ओळ बघा, डावीकडून उजवीकडे गेलीय. इथे टाकी लावणाऱ्याचा हात थोडा घसरला असेल, ही खाच लांब झालीय. आणि हा मधला भाग गुळगुळीत, इथे वरवंटा जास्त फिरला. दगड तोच, टॉर्च तोच, फक्त उजेड कडेनं आला म्हणून प्रत्येक खाचेची सावली पडली.

लेण्यात हेच करायचं. झिजलेल्या मूर्तीवर समोरून उजेड मारला की ती पाट्यासारखी सपाट होते. फोटोतही सपाटच येते, आणि मग लोक लिहितात की तिथे काही नाही. एकानं भिंतीच्या कडेला जाऊन, हात लांब करून, टॉर्च आडवा धरायचा. दुसऱ्यानं समोरून पाहायचं. चिवराच्या, म्हणजे बुद्धाच्या अंगावरच्या वस्त्राच्या कडा, छिन्नीचे फटके, सगळं वर येतं. फ्लॅश तर अजिबात नको, तो कॅमेऱ्याच्या तोंडातूनच समोरून येतो, म्हणजे पुन्हा तेच.

आणि अजून एक. आत आपण एकटे नसतो. वटवाघळं दिवसा तिथे झोपलेली असतात, त्यांच्यावर उजेड मारला की ती उडतात, पोरं घाबरतात, धावाधाव होते, कोणीतरी पडतं. आणि त्याहून महत्त्वाचं, माणसं तिथे वंदना करायला येतात. आमच्या चंद्रपूरला बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 ला, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, धम्मदीक्षा दिली. ज्या घरांनी तेव्हा दीक्षा घेतली त्यांची नातवंडं-पतवंडं या लेण्यात येऊन बसतात. एकदा एक आजी डोळे मिटून त्रिशरण, म्हणजे बुद्ध-धम्म-संघाला शरण जाण्याची वंदना, म्हणत होत्या आणि एका सहलवाल्यांच्या माणसानं त्यांच्या तोंडावर उजेड धरला, वर कर्ण्यातून माहिती सांगायला लागला. आजी काही बोलल्या नाहीत, उठून बाजूला झाल्या. मला ते दृश्य अजून विसरता येत नाही. अशा ठिकाणी आपण पाहुणे आहोत, आणि त्या घरच्या आहेत.

"गाईड घ्यायचा का?" हा पण प्रश्न खूप येतो. घ्या. पण कर्णेवाला नको, गावातलं माणूस घ्या, आणि पैसे आधी विचारून, मनापासून द्या. गावातला माणूस तुम्हाला पांडवांच्या अश्वमेधाच्या श्यामकर्ण, म्हणजे काळ्या कानाच्या, घोड्याची गोष्ट सांगेल, युवनाश्व राजाची भद्रावती हीच आणि भीमानं घोडा इथूनच नेला. ती ऐका. मध्येच "पुरावा काय?" असं विचारू नका. गोष्ट गोष्टीच्या जागी, ताम्रपट ताम्रपटाच्या जागी. ताम्रपटही आहे बरं का, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा, भांदकला सापडलेला, इ.स. 772 चा. म्हणजे साडेबाराशे वर्षांपूर्वीचा. सातव्या शतकातला चिनी प्रवासी ह्युएन त्संग यानं पाहिलेली (दक्षिण) कोसलची राजधानी हीच का, यावर कमेंटमध्ये दोन दादांची चार दिवस जुंपली होती. काही अभ्यासक हो म्हणतात, काही दुसरी गावं सांगतात. दादा लोकहो, भांडा, पण एकमेकांना नावं ठेवू नका.

लेण्यांनंतर भद्रनागाचं देऊळ पाहा. जुन्या देवळांचे दगड आणि शिल्पं तिथे भिंतींत बसलेली दिसतील. जैन पार्श्वनाथांचं मंदिर गावातच आहे. आणि तलावातला जुना दगडी पूल चुकवू नका. त्याला कमान एकही नाही. दगडी खांबांच्या रांगा आणि वर आडव्या शिळा, एवढ्यावर उभा आहे. बौद्ध, जैन, नाग, शिव, सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत. विदर्भात काय आहे असं विचारणाऱ्यांना मी हे गाव दाखवते.

दुपारी शिदोरी सोडा, भाकर-झुणका खा, आणि मूल, चामोर्शी करत मार्कंड्याला निघा. दोन-अडीच तास लागतात. "एका दिवसात दोन्ही होतं का?" होतं, पण सकाळी सातला विजासनला असाल तरच. नागपूरहून येणाऱ्यांनी चंद्रपूरला मुक्काम करा, उगाच ड्रायव्हरला झोप येईल असं वेळापत्रक लावू नका.

मार्कंडा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठावरचा देवळांचा समूह. नदी इथे उत्तरवाहिनी होते, म्हणून लोक याला विदर्भाची काशी म्हणतात, महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. इंग्रजांच्या काळातला पुरातत्त्व खात्याचा प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम 1873-74 च्या दौऱ्यात विदर्भात आला होता, त्यानं ही देवळं खजुराहोच्या तोडीची म्हटली. सगळा समूह 196 फूट बाय 118 फुटांच्या आवारात, म्हणजे आपल्या शाळेच्या मैदानापेक्षा लहान जागेत. मुख्य देवळावर दोन-अडीचशे वर्षांपूर्वी वीज पडली, शिखराचा भाग मंडपावर कोसळला. नंतर छत सावरायला आत जाडजूड खांब घातले. नाजूक कोरीव खांबांच्या शेजारी ते ओबडधोबड खांब पाहून काही जण नाक मुरडतात. मला ते फार आवडतात. पडत्या देवळाला कोणीतरी खांदा दिला, जसा जमला तसा.

सध्या जतनाचं काम चाललेलं असलं तर परांची आणि सुटे दगड दिसतील. त्या दगडांवर बसू नका, हलवू तर मुळीच नका. कोणता दगड कुठला, हे ज्यानं मांडून ठेवलं त्यालाच ठाऊक असतं.

आणि इथेही तीच उजेडाची गोष्ट. चारच्या सुमारास पोचलात की बहुतेक लोक पश्चिमेच्या भिंतीकडे जातात, कारण तिथे ऊन भरपूर असतं. पण ते समोरून आलेलं ऊन. तुम्ही दक्षिणेच्या भिंतीकडे जा. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे उतरतो, त्यामुळे त्या भिंतीवर ऊन तिरपं घासत जातं. गळ्यातला हार, कमरेची मेखला, बोटांची पेरं, एकेक वेगळं दिसायला लागतं. पाच-साडेपाचला तर भिंत हलतेय असं वाटतं. तिथे टॉर्चची गरजच नाही, सूर्यच टॉर्च आडवा धरतो.

बरं, आता ते "हेमाडपंती". प्रत्येक व्हिडिओखाली कोणीतरी लिहितंच, "छान हेमाडपंती मंदिर." अहो, हेमाद्री पंडित देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. त्याच्या नावावर खपवली जाणारी, चुन्याशिवाय दगडावर दगड बसवायची पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. मार्कंड्याच्या भिंती बघा, अंगभर शिल्पं आहेत. त्याला हेमाडपंती म्हटलं की पाहणं तिथेच थांबतं, नाव मिळालं आणि काम संपलं. नाव नाही माहीत तर नका लिहू. त्यापेक्षा एक मूर्ती निवडा, तिच्या हातात काय आहे ते लिहा, पायाशी कोण बसलंय ते लिहा. मला अशी कमेंट वाचायला फार आनंद होतो. मूलच्या एका शाळकरी पोरीनं लिहिलं होतं, "ताई, एका बाईच्या मूर्तीचा पाय थोडा उचललेला आहे, ती काटा काढते का?" मी पुन्हा जाऊन पाहिलं, आणि पोरगी बरोबर होती!

पुढची सहल कचारगडची, गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात. गोंड समाजाचं फार मोठं श्रद्धास्थान, माघ पौर्णिमेला यात्रा असते. तिथल्या गुहेबद्दल मी बोलणार नाही, तिथले लोक बोलतील, मी फक्त कॅमेरा धरीन.

तोवर एक काम करा. घरात जुना पाटा असेल, आजीचं जातं असेल, माळ्यावरून खाली काढा. रात्री घरातले दिवे बंद करा आणि टॉर्च आडवा धरून पाहा. कोणाच्या हाताच्या खुणा दिसल्या ते खाली लिहा, मी सगळं वाचते.