दोरा सतरा सेंटीमीटर, प्रवास साडेनऊ तास

मंडळी, भिंतीवरचा नकाशा थोडा वेळ विसरा आणि हा पृथ्वीगोल बघा. व्यास ३० सेंटीमीटर, म्हणजे घेर ९४. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर धरला तर गोलावरचा एक सेंटीमीटर सव्वाचारशे किलोमीटरचा झाला. आता शिवणाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं लंडनवर, आणि ताणा. दोरा सतरा सेंटीमीटर भरतो. ७,२०० किलोमीटर.

हा दोरा जातो कुठून? सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ इराणच्या आखाताच्या टोकाजवळून इराक, तुर्कस्तानात शिरते. ताणलेला दोरा तिच्या बराच उत्तरेला, बलुचिस्तान, इराण करत कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण भागावरून जातो. गोलावरची सर्वांत जवळची वाट हीच. पण जवळची वाट मोकळी असेलच असं नाही. पाकिस्तानचं आकाश २०१९मध्ये फेब्रुवारी ते जुलै बंद होतं. एप्रिल २०२५मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. मग अरबी समुद्रावरून वळसा. आपल्याला हे नवं नाही म्हणा. संभाजीनगर ते मुंबई सरळ मोजलं तर २७० किलोमीटर, पण रूळ आधी मनमाडला जातात म्हणून रेल्वेने ३७५ होतात.

आता वेळ. विमानाचा वेग ताशी साडेआठशे किलोमीटर, म्हणून अंतराला तेवढ्याने भागून मोकळे होऊ नका. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरण्यासाठी वेग कमी करणं, हे सगळं त्यात आलं. ढोबळ हिशोब असा: अंतराला ८००ने भागा आणि वर अर्धा तास घाला. आपल्या संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाहून दिल्ली ९८० किलोमीटर, उत्तर पावणेदोन तास. मुंबई पन्नास मिनिटं. अंतर पावपट, वेळ मात्र निम्म्याच्या आसपास, कारण वरचा अर्धा तास दोन्हीकडे तेवढाच. लंडनला साडेनऊ तास.

लंडनहून परत येताना मात्र कमी लागतात. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा झोत, वाहतो, हिवाळ्यात तर जोरात. समजा वाटभर ताशी १०० किलोमीटरचा वारा आहे. जाताना विमानाचा जमिनीवरचा वेग ७५० उरतो, येताना ९५० होतो. नुसतं उड्डाण धरलं तर ९ तास ३६ मिनिटं आणि ७ तास ३५ मिनिटं. बेरीज करा, १७ तास ११ मिनिटं. वारा नसता तर जाऊन-येऊन १६ तास ५६ मिनिटांत झालं असतं. जाताना गमावलेलं येताना पूर्ण वसूल होत नाही, कारण उलटा वारा जास्त तास सोसावा लागतो.

तिकिटावर मात्र हे काही दिसत नाही. दुपारी सव्वाला मुंबई, संध्याकाळी सहाला लंडन असं छापलेलं असतं आणि लोक पावणेपाच तास धरतात. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे, तेवढे मिळवा: सव्वानऊ तास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे घेतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच मिळवायचे.

आणि मुंबईपर्यंतचं तिकीट वेगळं काढलं असेल तर दोन विमानांत निदान सहा तास ठेवा. पहिलं रखडलं तर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही सहसा देत नाही.