फोन लागेना, मेसेज पोचला

नमस्कार श्रोतेहो. हवेतले चॅनल, म्हणजे बोलणं वाहून नेणाऱ्या रेडिओलहरींचे पट्टे, मोजके आणि मोबाईलवर बोलणारे हजारो, मग सगळ्यांना ते पुरतात कसे, हे आज सांगायचंय. पण त्याआधी इंदूरची एक अनंत चतुर्दशी.

साल २००४. आत्या पुण्याहून खास झांक्या, म्हणजे गिरणी कामगारांचे सजवलेले चित्ररथ, बघायला आली होती. गिरण्या बंद पडल्या, तरी कामगारांनी झांक्या सोडल्या नाहीत, याचं तिला फार कौतुक. रात्री अकराला जेल रोडवर हुकुमचंद मिलची झांकी समोर आली, गर्दीचा लोंढा उसळला आणि आत्याचा हात माझ्या हातातून सुटला. मागे वळून बघते तर नुसती डोकीच डोकी!

तिच्याकडे मुलाने दिलेला बटणांचा फोन होता. मी लावत सुटले. टूं टूं टूं. दहादा लावला, दहादा तेच. माझा भाचा म्हणाला, “मावशी, फोन सोड, मेसेज कर.” इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं: ‘आत्या, कृष्णपुरा छत्रीपाशी थांब. हलू नकोस.’

ही छत्री म्हणजे होळकरांचं स्मारक. एवढंसं अंतर कापायला आम्हाला पाऊण तास लागला. आत्या छत्रीच्या पायरीवर बसलेली, एका हातात भाजलेला भुट्टा, दुसऱ्या मुठीत घट्ट फोन. मला बघून पहिला प्रश्न, “अगं, फोन लागत नाही, मग चिठ्ठी कशी आली?”

आत्याला आमच्या घरचा नंबर तोंडपाठ होता, पण घरी होतं कोण? तरीही सांगते, हल्ली मुलांना आईचासुद्धा नंबर पाठ नसतो, हे मला अजिबात पटत नाही. पाढ्यांबरोबर दोन नंबर पाठ करून घ्याच.

तर आत्याचा प्रश्न. वाड्यात नळ एक, बिऱ्हाडं आठ. तेव्हाच्या बहुतेक टू-जी, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या, फोनचं तसंच होतं. चॅनल २०० किलोहर्ट्झ रुंदीचा, त्यावर आठ जण. एकेकाला ५७७ मायक्रोसेकंद मिळतात, मग पुढच्याची पाळी. सेकंदात सुमारे २१७ वेळा तुमची पाळी येते, म्हणून कानाला खंड जाणवत नाही. पुन्हा सांगते: चॅनल एक, माणसं आठ, आळीपाळीने. तोच चॅनल लांबचा टॉवर पुन्हा वापरतो, तेही एकमेकांच्या बोलण्यात न येता.

एरवी सगळे एकाच वेळी बोलत नाहीत, म्हणून थोडे चॅनल पुरतात. किती माणसांना किती लाइनी लागतील, याचं गणित डेन्मार्कचे गणितज्ञ एर्लांग यांनी १९१७ मध्येच मांडलं होतं. झांकीच्या रात्री मात्र सगळेच एकदम फोन लावतात. बोलायच्या जागा भरल्या की नवा फोन सरळ नाकारला जातो. मेसेजचं तसं नाही. तो बोलायच्या जागेतून जात नाही. घंटी वाजवायला, फोन कुठे आहे ते कळवायला जी वेगळी वाट राखलेली असते, तिथून तो जातो. आणि तिथेही गर्दी असली, तर कंपनीच्या मेसेज-केंद्रात थांबून राहतो, वाट मोकळी झाली की पोचतो. फोन नाकारला जातो, मेसेज थांबतो.

त्या रात्री आत्याला मी एवढं सांगू शकले नव्हते. तिच्या फोनची मेसेजपेटी पुढे कितीदा भरली, तिने बाकीचे पुसले, पण छत्रीचा तो मेसेज फोन बदलेपर्यंत ठेवला होता.